अंजिराच्या विहिरीतल्या हिरव्या पिशव्या

१

स्वच्छता हा श्रद्धेचाच एक भाग आहे. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कसर झुबैदा गावात या बाबतीत दुमत नाही. नगरपालिकेच्या पांढऱ्या भिंतीवर हे वचन हिरव्या रंगात, हातभर उंच अक्षरांत लिहिलेलं आहे आणि दर निवडणुकीआधी ते नव्याने रंगवलं जातं. त्या सोमवारी सकाळी त्या वचनाखाली दोन मेंढ्या मरून पडल्या होत्या.

पडल्या होत्या म्हणजे आणून ठेवल्या होत्या. मबरूका या मेंढपाळ म्हातारीने त्या गाढवावर लादून गावाबाहेरून आणल्या आणि पालिकेच्या पायरीवर, रुखवत मांडावं तशा शेजारी शेजारी मांडल्या. दोन्हींची पोटं फुगलेली. एकीच्या तोंडाला काळपट फेस. मबरूका, जिला अख्खं गाव खालती म्हणजे मावशी म्हणतं, त्यांच्या उशाशी बसून होती.

"नगराध्यक्षाला बोलवा," ती शिपायाला म्हणाली. "म्हणावं, पाहुण्या आल्यात."

नगराध्यक्ष सी, म्हणजे श्रीयुत, मोख्तार नाकाला रुमाल लावून खाली आले.

"अगं खालती, मेंढ्यांचं खातं आमच्याकडे नाही. शेतकी कचेरीत जा."

"आणि विहिरीचं खातं?"

"कुठली विहीर?"

"अंजिराची. काठोकाठ भरलीये."

"पावसावाचून? अल्लाची कृपाच म्हणायची."

"पाण्यानं नाही रे बाबा," मबरूका म्हणाली. "तुमच्या हिरव्या पिशव्यांनी."

हिरव्या पिशव्या म्हटल्यावर जमलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच नाव आलं. तो माणूस त्या सकाळी कामावर आला नव्हता, आणि त्याचा ट्रकही कोणाला दिसला नव्हता.

२

पालिकेच्या स्वच्छता समितीत दोन सभासद आहेत. अध्यक्ष लल्ला, म्हणजे बाईसाहेब, शाझलिया, निवृत्त सुईण. आणि मी, भूगोलाचा शिक्षक कमाल, कारण एका माणसाची समिती होत नाही. हे पद दुसऱ्या कोणालाच नको होतं. लल्लांनी ते घेतलं, कारण त्यांचं सगळं आयुष्यच लोकांनी तोंड फिरवायच्या जागी गेलेलं. निम्म्या नगरसेवकांना त्यांनी जन्मताच पायाला धरून उलटं लटकवलेलं आहे, आणि सभेत कोणी फार बोलू लागलं की त्या याची आठवण करून देतात.

आम्ही दोघं मबरूकेच्या मागोमाग विहिरीवर गेलो. चहूकडे ऑलिव्हच्या रांगा, नजरेच्या टप्प्यात एकही घर नाही. मबरूकेची झोपडीसुद्धा टेकडीच्या पलीकडे. दगडी कठड्यापर्यंत पिशव्याच पिशव्या. काही फुटलेल्या, त्यांतून गळणारं काळं पाणी शेजारच्या दगडी डोणीत उतरलेलं. मेंढ्या त्या डोणीतच पाणी पीत. उन्हात माश्यांचा घोंगाट, वाकलेलं अंजिराचं झाड, फांदीला कोणीतरी अडकवलेली शिळ्या पावाची पिशवी, चिखलात खुरांच्या खुणा. मबरूका मान फिरवून उभी होती.

"चाळीस घरांची जनावरं इथं प्यायची," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यानं खणलेली."

हिरव्या पिशव्यांबद्दल सांगायला हवं. वसंतात पालिकेने कचरा वेगळा करण्याचा प्रयोग केला, फक्त वरच्या गल्ल्यांत. पिशव्या पुरवल्या सी तिजानीने. हा ठेकेदार हॉटेलांचा कचरा उचलतो आणि भाषणं फुकट देतो. ओला कुठला, सुका कुठला हे शिकवायला राजधानीहून एक बाई आल्या होत्या. "शिळा पाव ओल्या कचऱ्यात," असं त्या म्हणाल्या मात्र, गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पाव कचऱ्यात? आमच्याकडे रस्त्यात पावाचा तुकडा दिसला तर माणूस उचलतो, ओठांना लावतो आणि भिंतीवर ठेवतो, पायदळी येऊ नये म्हणून. शिळा पाव वेगळ्या पिशवीत दाराबाहेरच्या खिळ्याला लटकतो. बाई राजधानीला परत गेल्या. पिशव्या राहिल्या.

आणि त्या गल्ल्यांचा कचरा उचलायचा पालिकेचा ट्रक. तो चालवायचा लझहर.

लल्लांचा फोन वाजला. नगराध्यक्ष होते, आवाज मलाही ऐकू येत होता.

"लल्ला, चौकशी काय करायची त्यात? गुरुवारी सभा आहे. लझहरला काढून टाकायचा ठराव मी लिहून ठेवलाय. पोलिसांतही तक्रार द्यायची, पाणी विषारी केल्याची. गल्ल्यांचा ठेका तिजानीकडे. तुम्ही फक्त सही करा."

"त्याला विचारलंस?"

"तो सापडत नाही, हाच पुरावा."

"मोख्तार, जन्माच्या दिवशी तूही बराच वेळ सापडत नव्हतास," लल्ला म्हणाल्या आणि फोन बंद केला.

३

लझहर घरीच होता. नगराध्यक्षांनी त्याला घरी सोडून सगळीकडे शोधलं होतं. अंगणात पाटावर बसून तो लसूण सोलत होता, आणि सोललेल्या पाकळ्या पुन्हा सालांतच टाकत होता.

"विहिरीत मी नाही टाकला," आम्ही बसायच्या आतच तो म्हणाला.

"बरं," लल्ला म्हणाल्या. "मग कुठे टाकलास? कचरा डेपो तर बंद आहे."

ते खरं होतं. डेपोशेजारच्या गावाने धुराला कंटाळून फाटकासमोर गाद्या अंथरल्या होत्या. कोणाचाच ट्रक आत जात नव्हता.

"कुठेच नाही."

"मग ट्रक कुठाय?"

लझहरने लसणाची आणखी एक पाकळी सोलली. "सांगणार नाही."

"अरे गाढवा, नोकरी जाईल! कायम होऊन वर्ष नाही झालं तुला. तुरुंगात जाशील, आणि नंतर सरकारी दारात कोणी उभं करणार नाही."

"जाऊ दे."

त्याची बायको दारात उभी होती. ती रडत नव्हती, पण एवढ्यातच रडून झालं होतं. "विचारून विचारून थकले, लल्ला," ती म्हणाली. "मला म्हणतो, तुझ्या बापाची शपथ, विचारू नकोस."

लल्लांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान वर करून दोनदा हवा हुंगली. आयुष्यभर बंद खोल्यांत शिरून काय चाललंय ते आधी नाकाने ओळखणारी बाई ती.

"तुझ्या बापाची," त्या हळूच म्हणाल्या. "सी कमाल, चला."

गल्लीच्या टोकाला लझहरच्या सासऱ्याचा तेलघाणा. मोसम सुरू व्हायचा होता, म्हणून दार बंद. फटीतून वास येत होता, आणि तो ऑलिव्हचा नव्हता. लल्लांनी दार ढकललं. आत, जात्याच्या दगडाला टेकून, पालिकेचा ट्रक उभा होता. हिरव्या पिशव्यांनी गच्च भरलेला. एकही कमी नाही.

लझहर मागून धावत आला होता.

"लल्ला, पाया पडतो. डेपो बंद, रस्त्यात उभा केला तर लोक दगड मारतात. एक दिवस म्हणून आत घातला. तो निघायच्या आधी हे विहिरीचं झालं. आता बाहेर काढला तर सगळ्यांना दिसणार. कचऱ्याचा ट्रक घाण्यात होता हे कळलं तर या गावात त्यांचं थेंबभर तेल कोण विकत घेईल? म्हातारा मरेल. मला जाऊ दे तुरुंगात. तिथून परत तरी येता येतं."

लल्लांनी दार लावून घेतलं.

"आम्ही काही पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

लझहर निर्दोष होता हे आता आम्हाला ठाऊक होतं. ते सिद्ध करणारी एकमेव गोष्ट मात्र आम्ही नुकतीच न पाहिलेली होती. (सासऱ्याने घाणा पुढे विकला, म्हणून आज सांगतो.)

४

सी तिजानी हॉटेलांच्या रांगेसमोरच्या कॉफीघरात बसतो. त्याने उठून खुर्च्या पुसल्या, कॉफी मागवली, बशीभर खायला मागवलं.

"लल्ला, ऐकलं आणि जेवण गेलं नाही हो," तो म्हणाला. त्याच्यासमोरची ताटली रिकामी होती. "लझहर चांगला मुलगा. पण काय करणार, डेपो बंद, माणूस घाबरतो. विहीर मी साफ करून देतो. फुकट. गावासाठी."

"आणि गल्ल्या?"

"गावानं दिल्या तर नाही कसं म्हणू?"

"तुझा हॉटेलांचा कचरा कुठे जातो रे सध्या?"

"लांब. दुसऱ्या प्रांतात. ओळखी आहेत माझ्या." त्याने आकाशाकडे हात केला. ओळखी तिथवर असाव्यात. "हंगाम आहे, लल्ला. गोऱ्यांच्या खिडकीखाली वास आला तर हॉटेलवाले माझी कातडी सोलतील."

"दुसरा प्रांत तुझा कचरा घेतो आणि आमच्या लझहरचा नाही?"

"लझहरला बोलता कुठे येतं!"

"तू उलटा आला होतास, तिजानी," लल्ला कॉफी ढवळत म्हणाल्या. "पाय आधी. तुझी आई म्हणाली, लल्ला, पोरगं सरळ निघेल ना? मी म्हटलं, बघू."

तिजानी मनापासून हसला. बशीत हॉटेलातून आलेले छोटे गोल पाव होते, वर तीळ आणि दुधाची चकाकी. "घ्या ना. तीनही हॉटेलांना एकाच भट्टीतून जातात. गावात नाही मिळत, बाहेर विकतच नाहीत."

एक पाव बशीतून घरंगळून खाली पडला. तिजानी बोलता बोलता वाकला, पाव उचलला, ओठांना लावला आणि खिडकीत ठेवला. माझाही हात अर्धा गेला होता.

लल्लांनी बशीतला दुसरा पाव उचलून रुमालात बांधला. मला वाटलं, भूक लागली असेल.

५

"परत विहिरीवर?" मी विचारलं. "काय राहिलं बघायचं?"

"तिथे जे आहे ते सगळ्यांनी पाहिलं, म्हणून कोणीच पाहिलं नाही."

मबरूका डोणी घासत होती. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. उरलेल्या मेंढ्या सावलीत जिभा काढून उभ्या होत्या. पाणी आता टेकडीपलीकडून कॅनने आणावं लागत होतं.

"खालती," लल्लांनी विचारलं, "वरच्या गल्ल्यांतला शिळा पाव कोण नेतं?"

"मीच की. दर शुक्रवारी गाढवावर. खिळ्याखिळ्यावरून. एक पिशवी सोडत नाही."

"हॉटेलांचा?"

"तिथं रखवालदार गाढवाला आत सोडत नाही. मला सोडतो म्हणाला, पण गाढवाशिवाय मी कुठं जात नाही."

"मग ती पिशवी तू अडकवलीस?" लल्लांनी अंजिराच्या फांदीकडे बोट केलं.

"मी कशाला अडकवू? मी काढून नेणारी." मबरूका थबकली. "मला वाटलं, कोणी पुण्यवान."

"इथे? कोणासाठी? घर नाही, वाट नाही."

मी पिशवी खाली काढली. आत कडक झालेले छोटे गोल पाव. वर तीळ. काहींवर लोण्याचे डाग, एकाला अर्धवट चावा. लल्लांनी रुमाल सोडून त्यांचा पाव शेजारी ठेवला. जुळ्यांतलं एक ताजं, एक शिळं.

"लझहरच्या ट्रकमध्ये पाव नसतोच," त्या म्हणाल्या. "तो आधीच मबरूकेच्या गाढवावर गेलेला असतो. म्हणजे ज्याच्याकडे पाव होता, तो गल्ल्यांतून आला नव्हता. हॉटेलांचा कचरा कोणीतरी हिरव्या पिशव्यांत भरला. हिरव्या पिशव्या कोणाकडे उरल्या असतील? ज्याने पुरवल्या त्याच्याकडे. भरताना खरकट्यात पाव सापडला. विहिरीत विष ओतायला त्याचा हात अडखळला नाही. पाव टाकायला अडखळला."

"मग झालं तर! ही पिशवी सभेत ठेवू."

"तो म्हणेल, पाव कोणाचाही. म्हणेल, समितीनेच आणून अडकवला. हॉटेलचा पाव मी स्वतः त्याच्यासमोर बांधून घेतलाय, चार गिऱ्हाइकांनी पाहिलं."

हे मात्र खरं होतं. त्या क्षणी मला लल्लांचा रागच आला.

लल्ला मबरूकेकडे वळल्या. "घाल मेंढ्यांना."

"लल्ला! तो पुरावा आहे!"

"तो पाव आहे, सी कमाल. वाया घालवायचा का?"

मी हात पुढे केला तोवर मेंढ्यांनी पिशवीत तोंडं घातली होती. सभा दुसऱ्या दिवशी होती, आणि आमच्या हाती आता काहीही नव्हतं.

६

सभागृह भरलेलं होतं. लझहर दाराशी, टोपी हातात चुरगाळत. त्याची बायको बाहेर पायरीवर. तिजानी पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, कारण गल्ल्या स्वीकारायच्या होत्या.

नगराध्यक्षांनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

"हरकत नाही," लल्ला उठल्या. लझहरने डोळे मिटून घेतले. "पण गुन्हा अपुरा लिहिलाय. समितीने काल विहिरीतल्या वरच्या पिशव्या काढून फोडल्या."

आम्ही काहीही फोडलं नव्हतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आत पाव होता," लल्ला म्हणाल्या. "हाडांमध्ये, न्हाणीघरातल्या कागदांमध्ये. बुटाने दाबून बसवलेला. वर टाचेची खूण."

सभागृहात एक आवाज उठला, पोटात गुद्दा बसल्यासारखा. मागून कोणीतरी देवाची क्षमा मागितली. मेंढ्यांच्या वेळी ती कोणी मागितली नव्हती.

"मेंढ्या मेल्या, वाईट झालं," लल्ला पुढे म्हणाल्या. "विहीर गेली, फार वाईट झालं. पण पावावर पाय देणारा माणूस या गावात जन्मला, आणि बहुतेक माझ्याच हातांनी, याची मला लाज वाटते. ज्या आईने त्याला वाढवलं, तिने त्याला काय शिकवलं?"

"लल्ला, तुम्हीसुद्धा?" लझहर कसाबसा म्हणाला. "पाव? मी?"

"असल्याच्या घरी पाणी पिऊ नये," एक नगरसेवक म्हणाला.

"त्याच्या आईला हे कळलं तर कबरीत कूस बदलेल."

"लिहा, लिहा," नगराध्यक्ष कारकुनाला म्हणाले. "पाव. टाचेसकट."

तिजानीचा चेहरा मानेपासून वर लाल होत चालला होता. त्याने पाण्याचा पेला उचलला, ठेवला.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"काय खोटं आहे?"

"पाव नव्हता आत."

"होता. मी माझ्या डोळ्यांनी—"

"नव्हता म्हणजे नव्हता!" तिजानी उभा राहिला. खुर्ची मागे कोसळली. "माझ्या आईचं नाव घेता? एकेक तुकडा मी या हातांनी वेचलाय! एकेक! चुरासुद्धा—"

एवढं बोलून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

कारकुनाचं लिहिणं तेवढं चालू होतं.

"वेचून काय केलंस, बाळा?" लल्लांनी विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता.

तिजानीने सभागृहाकडे पाहिलं. मग खाली मान घातली.

"फांदीला अडकवला," तो म्हणाला. "बिस्मिल्ला म्हणून."

दाराशी लझहर जमिनीवरच बसला. त्याने टोपी तोंडावर धरली.

७

सगळं उघड झाल्यावर तिजानी बराच मोकळा झाला. बुटाची खूण आपली नाही एवढं सर्वांना पटल्याची त्याने आधी खात्री करून घेतली, आणि मग नगराध्यक्षांकडे बोट केलं.

"तुम्हीच म्हणालात, डेपो उघडेपर्यंत कुठेतरी टाक, पण मला सांगू नकोस. सांगितलं का मी?"

नगराध्यक्षांनी आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "याने सांगितलं नाही हे खरं आहे."

लझहरवरचा ठराव मागे घेण्यात आला. तिजानीबद्दल सभेने नाराजी नोंदवली. लल्ला म्हणाल्या की नाराजीने विहीर साफ होत नाही. तेही नोंदवण्यात आलं. विहीर फुकट साफ करायची तयारी तिजानीची आता उरली नव्हती.

बाहेर आल्यावर लझहरच्या बायकोने लल्लांचे हात कपाळाला लावले. मबरूका पायरीवर थोडी लांब बसली होती. "पाणी कधी?" तिने विचारलं. त्याच संध्याकाळी लल्लांनी प्रांताच्या गव्हर्नरकडे तक्रार लिहिली, सगळी, नगराध्यक्षांच्या फोनसकट.

उत्तर थंडीत आलं. शेजारच्या गावाच्या विरोधामुळे जुना डेपो कायमचा बंद झाला असून, अंजिराच्या विहिरीभोवतालची जमीन तात्पुरता कचरा डेपो म्हणून मंजूर झाली आहे. मंजुरी त्या सोमवारच्या आधीच्या तारखेपासून लागू असल्याने तक्रारीत तथ्य आढळत नाही. मेंढ्यांसाठी अर्जदाराने शेतकी कचेरीकडे जावं.

लझहरची नोकरी राहिली. तो रोज सकाळी तिथे ट्रक रिकामा करतो.